बोटभर फुलदाणी आणि शहराची खूण

उंची दोन-अडीच इंच. अंग पांढरेशुभ्र, चिनी मातीचे, काठाला सोनेरी रेघ, आणि पोटावर मधोमध एक रंगीत ढाल. त्या ढालीत कुठे सिंह, कुठे जहाज, कुठे किल्ल्याचे तीन बुरूज, आणि खाली फितीवर गावाचे नाव. या फुलदाणीत फूल ठेवायचे म्हटले तर देठ बसत नाही आणि पाणी घोटभरसुद्धा मावत नाही. तरीही १८८० च्या दशकापासून पुढची जवळपास पन्नास वर्षे इंग्लंडमधल्या मध्यमवर्गीय आणि कामगारांच्या घरांत असल्या फुलदाण्या, सुरया आणि कलश ओळीने मांडलेले असत. समुद्रकाठच्या गावी सहलीला गेले की परतताना त्या गावाचे चिन्ह रंगवलेली एक बारकी वस्तू आणायची, हा तिथला रिवाज होता. जुन्या वस्तूंचे शौकीन तिला ‘क्रेस्टेड चायना’ म्हणतात.

कोल्हापूरच्या संदर्भात या वस्तूकडे पाहण्याला कारण आहे. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, रंकाळा, नवा राजवाडा पाहायला वर्षभर माणसांची रीघ असते. संस्थानाला स्वतःचे राजचिन्ह होते, गादी होती, मोहोर होती. गावात कुंभारांच्या गल्ल्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची भांडी वस्तुसंग्रहालयात आहेत. असे असताना कोल्हापूरची खूण अंगावर घेतलेली आणि कोल्हापूरशिवाय कुठेच न मिळणारी एखादी छोटी वस्तू इथे का घडली नाही? आणि आज घडवायची झाली तर तिच्यावर कोणाचे चिन्ह असावे?

आधी विलायतेतली गोष्ट, कारण तिच्यात शिकण्यासारखे बरेच आहे. विल्यम हेन्री गॉस (१८३३–१९०६) यांनी १८५८ मध्ये स्टॅफर्डशायरमध्ये कुंभारकामाचा कारखाना काढला आणि पुढे तो स्टोक-ऑन-ट्रेंटला स्थिरावला. सुरुवातीला ते ‘पेरियन’ म्हणजे संगमरवरासारख्या दिसणाऱ्या चिनी मातीचे पुतळे आणि शोभेच्या वस्तू करत. विद्यापीठांची आणि शाळांची चिन्हे भांड्यांवर रंगवण्याचे कामही त्यांच्याकडे होते. त्यांचा मुलगा अडॉल्फस याने ओळखले की विद्यापीठाची खूण जशी विद्यार्थ्याला हवीशी वाटते, तशी गावाची खूण सहलीच्या माणसालाही हवीशी वाटेल. काळही अनुकूल होता. १८७१ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये बँक हॉलिडे सुरू झाले, रेल्वेचे जाळे आधीच पसरले होते आणि एका दिवसाच्या सहलीची स्वस्त तिकिटे निघत होती. पहिल्यांदाच गिरणीतला माणूस समुद्र पाहायला जाऊ लागला होता. महाग वस्तू त्याच्या खिशाला झेपत नव्हती आणि मोठी वस्तू त्याला गाडीतून नेता येत नव्हती.

गॉस यांनी नुसत्या फुलदाण्या काढल्या असत्या तर हा विषय इथेच संपला असता. त्यांचे वेगळेपण असे की त्यांनी आकार मनाने काढले नाहीत. त्या त्या गावच्या संग्रहालयात असलेले प्राचीन भांडे घ्यायचे आणि त्याची लहान प्रतिकृती करायची, अशी त्यांची पद्धत होती. बाथ शहराची रोमन सुरई, कोलचेस्टरचा प्रसिद्ध कलश, लिंकनचा चामडी मद्यपात्राचा घाट, सिल्चेस्टरच्या उत्खननातले रोमन मडके या सगळ्यांच्या बोटभर प्रती त्यांनी काढल्या. मूळ वस्तू कुठे सापडली, कुठे ठेवली आहे, हे प्रतीच्या बुडाखाली बारीक अक्षरांत छापलेले असे. म्हणजे सहलीला आलेल्या माणसाच्या हातात गावाचे चिन्ह पडत होते आणि सोबत त्या गावाच्या इतिहासाचा एक तुकडाही. गावाच्या भांड्यावर त्याच गावाची ढाल असली तर पुढे संग्राहक त्याला जास्त भाव देऊ लागले. बाथच्या सुरईवर भलत्याच गावाची ढाल असली की तिची किंमत उतरे.

दुसरा नियम विक्रीचा. एका गावात एकच अधिकृत दुकानदार, आणि त्याने आपल्याच गावचे चिन्ह विकायचे. ब्रायटनची फुलदाणी हवी तर ब्रायटनलाच जायला हवे. आज घरबसल्या सगळे मिळते, त्यामुळे या बंधनाची ताकद पटकन लक्षात येत नाही. पण वस्तूला ‘आम्ही तिथे जाऊन आलो’ असे म्हणण्याचा अधिकार याच बंधनामुळे मिळत होता. १९०४ मध्ये गॉसच्या वस्तू जमवणाऱ्यांचा स्वतंत्र संघ स्थापन झाला, यावरून लोकांना त्यांचे किती वेड होते हे कळते.

हे काम कसे चाले तेही पाहण्यासारखे आहे. भाजून, झिलई चढवून तयार झालेल्या पांढऱ्या भांड्यावर आधी तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर घेतलेली काळी रेखाकृती उतरवत. मग त्या रेषांच्या आत काचेच्या पुडीपासून केलेले रंग बारीक कुंचल्याने हाताने भरत. हे काम मुख्यतः बायका आणि मुली करत. त्यानंतर भांडे पुन्हा भट्टीत जाई, पण या वेळी आच मंद असे, त्यामुळे रंग झिलईवर वितळून पक्का बसे आणि खालचे अंग वाकत नसे. चांगल्या गॉस भांड्यावरून बोट फिरवले की रंगाचा किंचित उंचवटा लागतो. नुसत्या छापील नकलेला तो लागत नाही. अर्कॅडियन, कार्लटन, शेली असे कितीतरी प्रतिस्पर्धी पुढे आले, जर्मनी-बोहेमियातूनही स्वस्त माल आला. पहिल्या महायुद्धात तर या कारखान्यांनी रणगाडे, रुग्णवाहिका आणि पाणबुड्याही चिनी मातीत घडवल्या आणि त्यांच्यावरही गावांच्या ढाली रंगवल्या. १९२९ मध्ये गॉस घराण्याचा कारखाना विकला गेला. लोकांची आवड बदलली आणि १९३० च्या दशकात ही लाट ओसरली.

आता ढालीकडे वळू, कारण कोल्हापूरचा प्रश्न तिच्यापाशी अडतो.

मराठी राज्यांची खूण मुळात ढालीवरची नव्हती. ती मोहोर होती, निशाण होते, शिक्के-कट्यार होती. छत्रपती शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा कागदावर उमटे तेव्हा त्या कागदाला हुकमाचे वजन येई. तिचे काम शोभेचे नव्हते, कारभाराचे होते. महाराणी ताराबाईंनी १७१० मध्ये पन्हाळ्याला स्वतंत्र गादी उभी केली, १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि करवीर अशी दोन राज्ये एकमेकांनी मान्य केली, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात राजधानी पन्हाळ्याहून कोल्हापूरला आली. या सगळ्या काळात राज्याची ओळख भगव्यात आणि मोहोरेत होती.

युरोपी पद्धतीची ढाल हिंदुस्थानातल्या संस्थानिकांना मिळाली ती एका समारंभातून. १ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने दिल्लीला दरबार भरवला आणि व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले. त्या वेळी सुमारे नव्वद प्रमुख संस्थानिकांना साटिनचे भरजरी ध्वज देण्यात आले. प्रत्येक ध्वजावर त्या घराण्यासाठी तयार केलेले कुलचिन्ह होते. ही चिन्हे आखली बंगालच्या मुलकी सेवेतल्या रॉबर्ट टेलर या अधिकाऱ्याने. घराण्याच्या उत्पत्तिकथा, नद्या, डोंगर, प्राणी, देवदैवते यांतले काय निवडायचे आणि युरोपी नियमांत कसे बसवायचे, हे त्याने ठरवले. भरतकामाच्या कामात रुडयार्ड किपलिंगचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग यांचा हात होता. ध्वज इतके जड झाले की एकेक पेलायला दोन धिप्पाड हायलँडर शिपाई लागत. टेलरने ही चिन्हे पुढे १९०२ मध्ये पुस्तकरूपाने छापली.

शतकानुशतके मोहोर वापरणाऱ्या घराण्यांच्या हाती अशा रीतीने एकाच वर्षी, एकाच कचेरीतून, एकाच साच्यातली चिन्हे पडली. त्या वर्षी कोल्हापूरच्या गादीवर छत्रपती चौथे शिवाजी होते. ते अल्पवयीन होते आणि कारभारावर इंग्रजांचा ताबा होता. त्याच सुमारास कोल्हापुरात चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी अभियंत्याच्या आराखड्यांवर मोठी बांधकामे चालू होती. टाऊन हॉल झाला होता आणि नव्या राजवाड्याचे काम १८७७ मध्ये सुरू होऊन १८८४ पर्यंत चालले. युरोपी घाट आणि देशी नक्षी एकत्र आणण्याचा तोच प्रयत्न ढालींत दिसतो आणि मँटच्या मनोऱ्यांतही. पण मँटच्या इमारतींना कोल्हापूरने आपलेसे केले. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आले, टाऊन हॉलची बाग गावाची झाली. ढालीच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. ती संस्थानाची राहिली, शहराची झाली नाही. इंग्लंडमध्ये ढाल नगरपालिकेची असे, म्हणून गॉसला ती भांड्यावर रंगवता आली आणि गिरणी कामगाराला ती आपली वाटली. आपल्याकडे ती दरबाराची होती. दरबाराची खूण बाजारात चार-आठ आण्याला विकायची, ही कल्पना तेव्हा कोणाच्या मनाला शिवलीच नसती.

संस्थानिक स्वतःसाठी मात्र विलायतेत आणि युरोपात कुलचिन्ह घातलेली ताटे-वाट्या, चांदीची भांडी, काचसामान बनवून घेत. ही हौस फार जुनी होती आणि फक्त हिंदुस्थानची नव्हती. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगालचा राजा मॅन्युएल पहिला याने आपले चिन्ह घातलेली निळी-पांढरी भांडी चीनमधून करवून घेतली होती, आणि पोर्तुगिजांचा पूर्वेकडचा व्यापार गोव्यावरून चाले. मुंबईत जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी १८७० च्या दशकात ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ चालवली आणि अजिंठ्याच्या चित्रांचे नमुने झिलईच्या भांड्यांवर आणले. महाराष्ट्रात प्राचीन कलेला भांड्यावर बसवण्याचा तो पहिल्या प्रयत्नांपैकी एक, आणि माझ्या मते त्याची आठवण आपण पुरेशी ठेवलेली नाही. पण ती भांडी प्रदर्शनांची आणि साहेबांच्या दिवाणखान्यांची होती, यात्रेकरूंची नव्हती.

यात्रेकरू काय नेत होता? कुंकू, खण, अंगारा, बांगड्या, देवीचा टाक, पुढे छापील तसबीर. जोतिबाहून गुलाल आणि दवणा. यातल्या पुष्कळशा वस्तू घरी पोहोचल्यावर वापरल्या जातात, वाटल्या जातात, संपतात. खुणेची वस्तू कपाटात बसते, प्रसादाची वस्तू शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत जाते. मांडून ठेवण्याची सवय आपल्याकडे आली ती नोकरदार घरांतल्या काचेच्या शोकेसबरोबर. त्यात आग्र्याचा ताजमहाल, कन्याकुमारीचे शंख-शिंपले, काश्मिरी डबी, म्हैसूरचे चंदनाचे हत्ती. कोल्हापूरची वस्तू त्या शोकेसमध्ये क्वचितच असे, कारण कोल्हापूरने जे दिले ते वापरायचे किंवा खायचे होते. चपला, साज, गूळ, लवंगी मिरचीची चटणी. ही कमतरता आहे असे मी मानत नाही. जगात फार थोड्या गावांच्या नावावर इतक्या कामाच्या वस्तू आहेत.

कोल्हापुरात बारक्या भांड्यांची परंपरा मात्र आहे, आणि ती विलायती फुलदाणीहून जुनी आहे. पापाची तिकटी, गंगावेश, शाहूपुरी इथल्या कुंभारगल्ल्यांत संक्रांतीच्या आधी बोळकी रचलेली दिसतात. बेंदराला मातीचे बैल येतात, दिवाळीला पणत्या, लग्नसराईत पुन्हा बोळकी, आणि भाद्रपदाच्या आधीचे महिने तर गणपतीचेच. वाणाच्या बोळक्याकडे जरा नीट पाहावे. चाकावरून दोऱ्याने कापून काढलेल्या तळाशी चक्राकार रेघा असतात, गळ्याशी कुंभाराच्या अंगठ्याचा दाब असतो, भट्टीत ज्या बाजूला धूर लागला ती बाजू काळपट असते. शेजारी शेजारी ठेवलेली दोन बोळकी सारखी नसतात. हरभरा, ऊस, बोरे, तिळगूळ भरून ती एका बाईच्या हातून दुसरीच्या हाती जातात. बोटभर भांड्याला अर्थ असतो, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

पांढऱ्या चिनी मातीचे प्रकरण वेगळे. तिला केओलिन लागते, फेल्डस्पार लागते, आणि बाराशे-तेराशे अंशांपर्यंत नेता येणारी, तापमान काबूत ठेवणारी भट्टी लागते. कुंभाराच्या उघड्या आव्यात एवढी आच मिळत नाही. केओलिनचे साठे घाटाखाली सिंधुदुर्गात आहेत, पण त्यावर उभा राहिलेला बारीक भांड्यांचा मोठा उद्योग दक्षिण महाराष्ट्रात झाला नाही. मराठी घरांत चिनी माती आली ती लोणच्याच्या बरणीच्या रूपाने. त्या बरण्यांच्या व्यवसायात परशुराम गणपुले या मराठी उद्योजकाचे नाव मोठे, पण त्यांचे कार्यक्षेत्र सौराष्ट्रातले थानगढ-मोरबी. म्हणजे कोल्हापूरच्या कुंभाराने गॉससारखे भांडे केले नाही याचे कारण कसब नसणे हे नव्हते. माती, भट्टी आणि भांडवल या तिन्ही गोष्टी दुसरीकडे होत्या.

प्राचीन भांड्यांच्या बाबतीत मात्र कोल्हापूर बाथ आणि कोलचेस्टरच्या शेजारी बसण्याच्या योग्यतेचे आहे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तिथे १९४४-४५ च्या सुमारास प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांच्या प्रयत्नांतून ब्राँझच्या वस्तूंचा मोठा साठा उजेडात आला. त्यानंतर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी शास्त्रीय उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९५२ मध्ये छापला गेला. सातवाहन काळातल्या पक्क्या विटांच्या घरांचे अवशेष, तऱ्हेतऱ्हेची मातीची भांडी, मणी, नाणी असा ऐवज हाती आला. ब्राँझच्या साठ्यातल्या बहुतेक वस्तू देशी, पण काही रोमन जगातून आलेल्या. त्यात समुद्रदेव पोसायडनची लहानशी मूर्ती आहे, सुरई आहे, आरसा आहे. समुद्रापासून घाट चढून यावे लागणाऱ्या या गावात भूमध्य समुद्राचा देव येऊन पोहोचला, तो व्यापाराच्या वाटेने. ब्रह्मपुरीच्या वस्तूंसाठी सुरू झालेले संग्रहालय १९४९ मध्ये मँटच्या टाऊन हॉलमध्ये आले आणि आजही तिथेच आहे.

माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची जागा ती आहे, राजवाडा नव्हे. अंबाबाईच्या देवळापासून टाऊन हॉल चालत जाण्याइतका जवळ. तरी दर्शनाला आलेल्यांपैकी फार थोडे तिथे वळतात. गॉसला असे गाव मिळाले असते तर त्याने पहिल्याच वर्षी ती रोमन सुरई आणि सातवाहनकालीन मडके यांच्या बोटभर प्रती काढल्या असत्या, आणि बुडाखाली ‘ब्रह्मपुरी, कोल्हापूर’ असे लिहिले असते. ती वस्तू घेणारा माणूस मूळ भांडे पाहायला गेलाच असता असे नाही, पण मूळ भांडे आहे एवढे तरी त्याला कळले असते.

आजचा बाजार काय देतो? महाद्वार रोडवर आणि पन्हाळ्याच्या वाटेवर दुकानांत चहाचे मग रचलेले असतात. पांढऱ्या मगावर राजमुद्रा, महाराजांचे चित्र, अंबाबाईचा मुखवटा, ‘कोल्हापुरी’ असे ठसठशीत अक्षर. हाच आपल्याकडचा चिन्हांकित चिनी मातीचा माल, आणि त्याची चेष्टा करण्याचे कारण नाही. राजमुद्रेवर लोकांची खरी श्रद्धा आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाने नवा ध्वज स्वीकारला तेव्हा त्यातल्या अष्टकोनाची प्रेरणा हीच मुद्रा होती. १८७७ ची साटिनची ढाल विस्मरणात गेली आणि सतराव्या शतकातली मोहोर गाडीच्या काचेवर, अंगठीवर, मगावर आली, हा लोकांनी स्वतः दिलेला कौल आहे.

अडचण वेगळीच आहे. मगावरचे चित्र कागदावर छापून, साधारण १८० ते २०० अंशांवर काही मिनिटे दाबून मगाच्या प्लास्टिकसारख्या लेपात उतरवलेले असते. ते झिलईत वितळलेले नसते. तारेच्या काथ्याने घासले की काही महिन्यांत विटते. शिवाय तोच मग रायगडाच्या पायथ्याशी मिळतो, शिर्डीला मिळतो, पुण्यात मिळतो, फोनवर मागवता येतो. मग कोणत्याही गावी छापलेला असू शकतो. त्याने कोल्हापूरची कोणती आठवण सांगावी? राजमुद्रा साऱ्या महाराष्ट्राची आहे, आणि तसेच असायला हवे. म्हणूनच ती एका शहराची वेगळी खूण होऊ शकत नाही.

कोल्हापूरच्या नावाचे मोल काय आहे हे चपलांच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिले. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या मंचावर तशाच घाटाच्या चपला मूळ गावाचे नाव न घेता मांडल्या तेव्हा कोल्हापुरातून मोठा आवाज उठला, आणि कंपनीला या चपलेची मुळे भारतीय असल्याचे मान्य करावे लागले. मानांकन म्हणजे कायद्याच्या भाषेत सांगितलेला गॉसचाच नियम: या नावाची वस्तू याच मुलखातली असली पाहिजे. फरक एवढाच की तिथे तो नियम एका कारखानदाराने आपणहून पाळला, इथे त्यासाठी कारागिरांना कागदपत्रांची लढाई लढावी लागली.

मग शहराच्या खुणेचे काय? महानगरपालिकेचे बोधचिन्ह पावतीवर आणि कचऱ्याच्या गाडीवर शोभते, त्याला कोणी घरी नेणार नाही. संस्थानाचे कुलचिन्ह छत्रपती घराण्याचे. ते घराण्याच्या संमतीने राजवाड्यातल्या संग्रहालयापुरते वापरले तर योग्य, पण शहराच्या नावावर ते लादू नये, कारण त्या पद्धतीचा उगम परक्या सत्तेच्या दरबारात आहे. शाहू महाराजांच्या कोल्हापूरला त्याहून मोठी ओळख आहे.

मला पसंत पडेल ते चिन्ह ब्रह्मपुरीच्या काळाशी आणि या मुलखाशी नाते सांगणारे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत कोल्हापूर परिसरात ‘कुर’ म्हणून ओळखले जाणारे राजे होते. वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर, गौतमीपुत्र विळिवायकुर ही त्यांची नावे त्यांच्या शिशाच्या आणि पोटीनच्या नाण्यांवरून कळतात. एकाच्या नाण्यांवर दुसऱ्याने आपला ठसा मारला, आणि त्या ठशांवरच्या ठशांतून त्यांचा क्रम संशोधकांनी लावला. टॉलेमीच्या भूगोलात हिप्पोकुरा नगरीचा राजा म्हणून जो बालेओकुरोस येतो, तो यांच्यापैकीच एक असावा असे बरेच अभ्यासक मानतात. या नाण्यांवर एका बाजूला कमानींच्या उतरंडीचा डोंगर आणि कठड्यातले झाड, दुसऱ्या बाजूला दोरी चढवलेले धनुष्य आणि बाण. बोटाच्या पेराएवढ्या शिशाच्या गोळ्यावर बसवलेली ही आकृती विलायती ढालीच्या कितीतरी आधीची, आणि रेषेच्या दृष्टीने तिच्याहून सोपी. लहान भांड्यावर रंगवायला असेच चिन्ह हवे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. धनुष्यबाण आज महाराष्ट्रात निवडणूक चिन्ह आहे, आणि त्याच्यावरून झालेला वाद सगळ्यांना ठाऊक आहे. ते भांड्यावर आले की अर्धे गिऱ्हाईक त्याकडे पक्षाची वस्तू म्हणून पाहील, मग बुडाखाली कितीही इतिहास लिहा. म्हणून नाण्याची दुसरी बाजू घ्यावी. डोंगर आणि कठड्यातले झाड. सह्याद्रीच्या कुशीतल्या, जोतिबा-पन्हाळ्याचे डोंगर रोज पाहणाऱ्या गावाला ते शोभूनही दिसेल. कोणत्याही पक्षाचे, जातीचे, पंथाचे त्यावर नाव नाही.

आणि भांडे? पांढऱ्या चिनी मातीचा हट्ट मी धरणार नाही. ब्रह्मपुरीची मडकी लाल मातीची, काहींवर लालसर लेप. तीच माती, तोच घाट कुंभारगल्लीतल्या हातांना जमतो. गरज आहे ती दोन-तीन निवडक भांड्यांच्या नेमक्या मापांची, एकसारखी आच देणाऱ्या छोट्या विजेच्या भट्टीची, आणि चिन्ह उमटवण्यासाठी चांगल्या ठशाची. ठसा ओल्या मातीत दाबला की रंग विटण्याचा प्रश्नच उरत नाही. गणपतीचा हंगाम सरल्यानंतर कुंभारवाड्यात हाताला काम कमी असते, त्या महिन्यांत हे बसते. टाऊन हॉलचे संग्रहालय राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे, त्यामुळे मापे घेण्याची आणि प्रतिकृती विकण्याची परवानगी तिथूनच यावी लागेल. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोच्या नर्तिकेच्या प्रती विकत मिळतात, तेव्हा ही मागणी काही अनोखी नाही.

विक्रीच्या बाबतीत मात्र गॉसचा नियम जसाच्या तसा घ्यावा. टाऊन हॉलच्या दारात एक खिडकी, आणि ते भांडे दुसरीकडे कुठेही नाही. ना महाद्वार रोडवर, ना ऑनलाइन. बुडाखाली तीन गोष्टी: मूळ भांडे कुठे सापडले, ते आज कुठे आहे, आणि प्रत घडवणाऱ्या कुंभाराचे नाव. गॉसच्या वस्तूवर त्याचा पंख पसरलेला ससाणा आणि स्वतःचे नाव असे, पण ढाल रंगवणाऱ्या मुलींची नावे तिथे नसत. ती उणीव कोल्हापूरने ठेवू नये. किंमत ठरवताना त्या कुंभाराची मजुरी आधी धरावी आणि मग बाकीचा हिशेब. देवीचे दर्शन घेऊन भवानी मंडपातून बाहेर पडलेल्या माणसाला टाऊन हॉलकडे जायचा रस्ता दाखवणारी एक पाटी लागेल, तो खर्च महानगरपालिकेने उचलावा.